हिची खोड काय?

निनाद, तुझ्या आईचा परवा फोन आला होता. तू तिकडे मेलबर्नला जुनी मोटरसायकल घ्यायला निघाला आहेस, तर "आई, तू त्याला दोन शब्द सुनाव, तुझं तो ऐकतो," असं तिचं म्हणणं. मी बरं म्हटलं. तिची शाळा, तिचं कॉलेज आणि तिचं परदेशी जाण्याचं विमान हे सगळं तिच्या आईबापांनी जुन्या मोटरसायकली विकूनच उभं केलं, हे त्या घाईत ती विसरली असावी. तेव्हा दोन शब्द सुनावते, पण तिला हवे आहेत ते नव्हेत. घे. मात्र बघून घे.

याच सुमारास इथल्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे व्यवसायातले अनुभव मागितले. एका फेरीत दोन कामं उरकणं हा माझा जुना स्वभाव, म्हणून तुला लिहायचं ते इथेच लिहिते आहे. अंकाच्या वाचकांनी शेजारी खुर्ची ओढून बसायला हरकत नाही. ईशा, भावाबरोबर तूही वाच. तुला गाड्यांमध्ये रस नाही हे मला ठाऊक आहे, पण हा मजकूर खरं तर एका बाईबद्दल आहे.

आमचं दुकान नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ होतं. समोर पत्र्याची शेड, शेडमध्ये ओळीने लावलेल्या जुन्या मोटरसायकली, मागे सलीमभाईंचं गॅरेज आणि कोपऱ्यात काचेची केबिन, तिच्यात मी. मी इंग्रजी साहित्यात एम. ए. केलेली. काही वर्षं कॉलेजात शिकवलंही. तुमच्या आजोबांचा भागीदार धंदा सोडून गेला तेव्हा कागदपत्रं लावून देण्यासाठी म्हणून चार दिवस दुकानात आले आणि तिथलीच झाले. नातेवाइकांना वाटायचं, एवढं शिकून ही ग्रीसमध्ये बसली. मला मात्र कॉलेजपेक्षा तिथे जास्त करमायचं. पुस्तकातली माणसं एकदा वाचली की संपतात. दुकानात रोज नवी यायची आणि प्रत्येक जण काहीतरी लपवत असायचा.

जुनी गाडी विकणाऱ्याची पहिली युक्ती सांगते, म्हणजे तुला धंद्याचा अंदाज येईल. गिऱ्हाईक यायच्या आधी तो गाडी चालू करून गरम करून ठेवतो. गरम इंजिन कोणाचंही गुणी असतं, एका किकमध्ये उठतं, आवाजही गोड काढतं. म्हणून गाडीपाशी गेल्यावर आधी इंजिनाच्या बाजूला तळहात धरायचा, आजारी मुलाच्या कपाळाला लावतो तसा. कोमट लागलं तर हसून म्हणायचं, "बरं, मी उद्या सकाळी येते." उद्या सकाळी थंड गाडी जे सांगेल ते खरं.

मीटरवर विश्वास ठेवायचा नाही. काटा मागे नेता येतो, पायाखालचं रबर परत उगवत नाही. पाय ठेवायच्या जागेचं रबर गुळगुळीत झालेलं आणि मीटरवर नव्या नवरीसारखा लाजरा आकडा, असं दिसलं की समजायचं. तिसरी परीक्षा माझी स्वतःची लाडकी. शेडपुढे बादलीभर पाणी ओतायचं आणि सलीमभाईंना त्यातून गाडी सरळ न्यायला सांगायची. कोरड्या फरशीवर पुढच्या आणि मागच्या चाकाची ओली रेघ उमटते. दोन्ही रेघा एकावर एक पडल्या तर ठीक. रांगोळीतल्या दोन ओळींसारख्या शेजारी शेजारी पडल्या, तर ती गाडी कधीतरी जोरात आदळली आहे आणि तिची पाठ वाकली आहे. वरून कितीही रंग दिला तरी पाणी खोटं बोलत नाही. तुझ्याकडे फरशी नसली तर रस्त्यावर कर. तुमच्याकडेही वाहनं डावीकडूनच चालतात, एवढी एक गोष्ट बरी.

आमच्या भागात तर गाडी कुठल्या गावची हे पाटी न वाचता सांगता यायचं. चाकाच्या तारांवर निळसर हिरवी पूड चिकटलेली दिसली की ती द्राक्षबागेतली, कारण मोरचुदाच्या फवारणीतून तिची सुटका नसते आणि ते मोरचूद धातू खातं. एअर फिल्टर उघडल्यावर करडी राख निघाली तर मालक एकलहऱ्याच्या वीज केंद्राकडचा. मागच्या बाजूला दोन्हीकडे सांगाड्याच्या नळीला घासल्याचे चट्टे म्हणजे दुधाच्या कॅन. दूधवाल्याची गाडी मी कधी नाकारली नाही. पाठ दुखते तिची, पण इंजिन नेमाने सांभाळलेलं असतं, कारण दूध थांबत नाही.

हे सगळं मला येत होतं आणि त्याचा मला अभिमान होता, अजूनही आहे. आमच्या शेडमधून वाकलेल्या पाठीची गाडी आम्ही तसं सांगितल्याशिवाय कोणी नेली असं झालं नाही. पण या सगळ्या परीक्षांच्या पलीकडचा एक प्रश्न मला ठाऊक नव्हता. तो यमुनाने शिकवला.

यमुना सुरगाण्याकडची. उन्हाळ्याचे शेवटचे दिवस होते. दुपारच्या उन्हात, खांद्याला कापडी पिशवी लावून, एक तिशीच्या आतली बाई शेडमध्ये शिरली आणि सरळ गाड्यांच्या ओळीत जाऊन उभी राहिली. तुमच्या आजोबांनी सवयीने तिला स्कूटरच्या बाजूला नेलं. ती म्हणाली, स्कूटर नको, छोटी चाकं आमच्या खड्ड्यात बसतात ती पुन्हा वर येत नाहीत. मोटरसायकलच हवी. भावाच्या गाडीवर शिकली होती. लायसन्स पिशवीतून काढून तिने न विचारताच दाखवलं. आमच्यासारखे लोक काय विचारणार हे तिला पाठ होतं.

मी तिला केबिनमध्ये बसवून पाणी दिलं आणि चौकशी केली. ती आरोग्य उपकेंद्रात नर्स होती. उपकेंद्र तिच्या गावापासून दोन डोंगर पलीकडे. मधे जीप चालते, पण जीप भरल्याशिवाय सुटत नाही आणि संध्याकाळची जीप भरतच नाही. त्यामुळे ती उपकेंद्राच्या खोलीतच राहायची आणि रविवारी घरी जायची. घरी तिची आई आणि नुकती बोलायला लागलेली मुलगी. नवरा हंगामात द्राक्षबागांच्या कामाला बाहेर.

"माझी पोर माझ्या आईला आई म्हणते," यमुना म्हणाली, "अन् मला नर्स. सगळं गाव म्हणतं म्हणून."

हे ती हसत सांगत होती. मीही हसले.

पाऊस सुरू झाला की पायवाटही बंद होते. त्याच्या आत गाडी मिळाली तर रोज संध्याकाळी घरी जाता येणार होतं. नाहीतर ती नोकरी सोडणार होती. बाळंतपणं करणारी दुसरी नर्स त्या पाड्यांना केव्हा मिळाली असती देव जाणे. एकच गाडी घेण्याची तिची ऐपत होती. ती फसली असती तर दुसरी नव्हती.

मी तिला माझ्या परीने सगळ्यात चांगली गाडी काढून दिली. काळी, शंभर सीसीची, लासलगावकडच्या एका कांदा उत्पादकाने आणून दिलेली. त्यांनी मालवाहू टेम्पो घेतला होता, म्हणून गाडी विकायची होती. इंजिन थंड होतं, पाण्याच्या दोन रेघा एकावर एक, पायाखालचं रबर आणि मीटर एकमेकांशी प्रामाणिक. सलीमभाईंनी ती मुंबईच्या रस्त्याला फिरवून आणली होती. यमुनाने स्वतः सगळं पाहिलं. साखळी बोटाने उचलून बघितली, ब्रेक दाबून बघितले, खाली बसून इंजिनाच्या पोटाखाली हात फिरवून बोटांचा वास घेतला. मी मनात म्हटलं, हिला काही शिकवायला नको.

मग ती उठली, हात पुसले आणि तुमच्या आजोबांना विचारलं, "हिची खोड काय?"

आजोबा म्हणाले, "खोड? काही नाही. एकदम क्लीन गाडी आहे."

"बिनखोडीचं जनावर बाजारात कशाला येईल, साहेब?"

सलीमभाईंना हसू आलं. "ताई, ये भैंस नहीं है. मोटरसायकल आहे."

"म्हशीचे दात मोजता येतात, भाई," ती म्हणाली. "हिला कुठं दात हायेत?"

निनाद, 'खोड' या शब्दापाशी जरा थांबू, कारण तो तुझ्या कानावर कधी पडला नसेल. बाजारात बैल विकायला आणला की घेणारा त्याचे दात बघतो, चाल बघतो आणि शेवटी मालकाला विचारतो, याची खोड काय? म्हणजे याला कसली वाईट सवय आहे. एखादा बैल जू खांद्यावर आलं की बसतो. एखादा मोटारीच्या आवाजाला बुजतो, एखादा अनोळखी माणसाला लाथ मारतो. खोड म्हणजे आजार नव्हे. बैल धडधाकट असतो, फक्त त्याचं तेवढं एक सांभाळावं लागतं. यमुनाचे वडील बैलांचा व्यापार करायचे. लहानपणी ती त्यांच्याबरोबर बाजार हिंडली होती. वडील आता नव्हते, पण त्यांचा हा प्रश्न तिच्याजवळ होता.

तुमच्या आजोबांनी प्रामाणिकपणे सांगितलं की त्यांना कसलीच खोड माहीत नाही. त्यावर ती म्हणाली, तुम्हाला कशी माहीत असणार, तुम्ही हिला सांभाळलं कुठे? ज्याने सांभाळली त्याला विचारा.

इथे आमची अडचण सुरू झाली. जुन्या गाड्यांच्या धंद्यात विकणारा आणि घेणारा यांची गाठ घालून द्यायची नाही, हा पहिला नियम. दोघं एकमेकांना भेटले की पुढच्या वेळी दुकानाची गरज उरत नाही. आजोबांनी मला केबिनमध्ये बोलावून हळूच म्हटलं, "आपलं घर दोन माणसांच्या मधल्या भिंतीवर उभं आहे. ती पाडायची का?" त्यांचं चूक नव्हतं. पण काचेतून मला ती बाई दिसत होती. काळ्या गाडीच्या सीटवर हात ठेवून उभी होती आणि तिला ती गाडी आवडली होती हे उघड होतं. आवडलेली असूनही ती विचारायचं सोडत नव्हती. अशी माणसं फार थोडी असतात. बहुतेक लोक गाडी आवडली की प्रश्न विचारायचे थांबतात. उत्तराचीच भीती वाटते त्यांना.

मी फोन उचलला आणि काळ्या गाडीच्या मालकांना, लासलगावच्या भाऊसाहेबांना, लावला. स्पीकर चालू ठेवला. गाडीत काही प्रॉब्लेम आहे का, असं मी रीतसर विचारलं.

"काय नाय ओ मॅडम. गाडी ओक्के हे. एक रुपयाचं काम नाय तिच्यात."

मी यमुनाकडे पाहिलं. तिने हात पुढे केला. मी फोन तिच्यासमोर धरला.

"दादा, मी सुरगाण्याकडची. गाडी मी घेणार हाय. माझा बाप बैलांचा व्यापार करायचा. हिची खोड काय हाय, तेवढी सांगा."

पलीकडे भाऊसाहेब खाकरले. कोणत्या बाजाराला जायचे वडील, असं त्यांनी विचारलं. तिने सांगितलं. त्यांनीही आपल्या बैलजोडीची एक आठवण सांगितली, लांबलचक. आजोबा घड्याळाकडे बघत होते. आणि मग भाऊसाहेबांचा आवाज बदलला, घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसा झाला.

"खोड म्हणजे तशी काय खोड नाय, ताई. उतरणीला लागली का दुसरा गिअर सोडून देती. आपोआप न्यूट्रलला येती. मी टाचेनं दाबून धरतो, सवय झाली. अन् आमच्याकडं उतरण हे कुठं? सगळं सपाट." ते थांबले. "तुम्ही सुरगाण्याच्या म्हणालात ना?"

"हो."

"तुमच्याकडं समदा घाट हे."

"म्हणून तर विचारलं, दादा."

"मग नका घेऊ, ताई," भाऊसाहेब म्हणाले. स्वतःची गाडी, विकायला आणलेली, आणि नका घेऊ म्हणाले.

बाहेरच्यांसाठी सांगते. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवतात, म्हणजे इंजिनच तिला मागे ओढून धरतं. तो गिअर मधेच सुटला की गाडी मोकळी होते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. पावसात, वळणावर, शेवाळलेल्या रस्त्यावर पुढे काय होतं ते मी लिहीत नाही. सपाट रस्त्यावर ही गोष्ट जाणवतही नाही. म्हणून सलीमभाईंना जाणवली नव्हती.

सलीमभाई एक शब्द न बोलता काळी गाडी घेऊन पांडवलेण्यांच्या पायथ्याच्या उताराकडे गेले. परत आले तेव्हा गाडी स्टँडला लावून त्यांनी तिच्या सीटवर थाप मारली, लबाडी करताना सापडलेल्या पोराला मारतात तशी. "सुटतो, वहिनी. उतारावर सुटतो." मग यमुनाकडे वळून म्हणाले, "तुमचे अब्बा उस्ताद होते."

तुमच्या आजोबांनी काय करावं? ते केबिनमध्ये पाच-दहा मिनिटं गाड्यांच्या नोंदवहीची पानं उलटत बसले आणि मग स्वतःच बाहेर येऊन म्हणाले, "चला, ओळीतल्या सगळ्यांच्या मालकांना फोन लावू. हिच्या बापाला बाजारात असंच करताना बघितलं असतं तर मी त्याच्या हाताखाली राहिलो असतो." भिंत पाडायला तेच पुढे झाले. पुढे आयुष्यभर ही आपलीच कल्पना असल्यासारखं ते लोकांना सांगायचे. मी कधी दुरुस्त केलं नाही.

त्या दुपारी आम्हाला एक गोष्ट कळली. 'प्रॉब्लेम आहे का' म्हटलं की माणूस नाही म्हणतो, कारण त्या शब्दात त्याच्यावर आरोप असतो. 'खोड काय' म्हटलं की तोच माणूस सैल होतो. खोड सांगण्यात कमीपणा नाही. खोड ठाऊक असणं म्हणजे आपण तिला नीट सांभाळलं, याचा दाखलाच असतो. आणि बैलाची खोड लपवून विकणाऱ्याच्या दारात घेणारा आठवड्यात बैल परत आणून बांधतो, हे खेड्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. मी इतकी वर्षं तोच प्रश्न विचारत होते, फक्त चुकीच्या शब्दात.

यमुनाने शेवटी जी गाडी घेतली ती शेडमधली सगळ्यात अनाकर्षक होती. तांबूस, टाकीला पोचा, सीटला ठिगळ. मालक एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले एक गृहस्थ. फोनवर 'खोड' शब्द ऐकून ते एवढे खूश झाले की म्हणाले, फोनवर कसं सांगू, मी येतोच. रिक्षा करून आले. एखाद्या म्हाताऱ्या आत्याबद्दल सांगावं तसं त्यांनी गाडीबद्दल सांगितलं. सकाळी थंडीत चोक दिल्याशिवाय उठायची नाही, कितीही विनवा. साइड स्टँडवर तिरकी लावली की पेट्रोलचे थेंब गाळते, म्हणून कायम मधल्या स्टँडवर लावायची. पावसात हॉर्नचा घसा बसतो. राखेचं विचारलं तर म्हणाले, दर रविवारी पेपर अंथरून फिल्टर स्वच्छ करायचो, बायको म्हणायची देवपूजा एवढी मनापासून करत नाही.

"उतरणीला?" यमुनाने विचारलं.

"उतरणीला पाय रोवून चालते. त्या बाबतीत हिला नाव ठेवू नका."

सलीमभाईंनी तीही उतारावर नेऊन पाहिली. मग यमुना बोटांवर एकेक खोड म्हणत गेली. चोक चालेल, मी तशीही लवकर उठते. मधला स्टँड चालेल. हॉर्न? आमच्या रस्त्याला हॉर्न कुणाला वाजवायचा, मोरांना? या खोडी चालतील, म्हणाली.

मला त्या क्षणी तिचं फार कौतुक वाटलं. जुनी गाडी बघायला आलेला माणूस बिनदोष गाडी शोधत असतो आणि म्हणून फसतो. ही बाई आपल्या रस्त्याला चालतील असे दोष निवडत होती. चोक आणि गिअर यांतला फरक तिला तिच्या घाटाने शिकवला होता.

किल्ली देताना त्या गृहस्थांनी साखळीतला पितळी गणपती सोडवून खिशात टाकला आणि नुसती किल्ली पुढे केली. हे आमच्याकडे खूप जण करायचे. मी त्याला हळवेपणा समजायचे. यमुना म्हणाली, बरोबर हाय, जनावर विकलं तरी दावं द्यायचं नसतं. दावं म्हणजे जनावर बांधायची दोरी. मालक ती ठेवून घेतो, म्हणजे गोठा भरलेला राहतो. घेणाऱ्याने आपलं दावं आपण आणायचं. तिने पिशवीतून लाल दोरा काढला आणि किल्लीच्या भोकातून ओवून गाठ मारली. घरून निघतानाच आणला होता.

सलीमभाई दुसऱ्या गाडीवरून तिला दिंडोरीपर्यंत सोबत करून आले. आल्यावर म्हणाले, "मी पुढे नव्हतोच, वहिनी. तीच पुढे होती."

काळी गाडी सलीमभाईंनी खोलली, गिअरचे झिजलेले भाग बदलले आणि नंतर ती निफाडच्या एका शिक्षकांना विकली. गाडीबरोबर तिची सगळी हकिगतही दिली. त्यानंतर आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या मालकाला मी आधी चहा द्यायचे आणि मग तो प्रश्न विचारायचे. लोकांनी काय काय सांगितलं. एका गाडीला म्हणे फक्त मालकाच्या बायकोनेच किक मारलेली चालायची. एका दूधवाल्याने सांगितलं, हिला हॉटेलासमोर थांबायची खोड आहे. मी म्हटलं, ही खोड गाडीची नाही. तो म्हणाला, हो, पण आता गाडीलाही लागली.

धंदा यामुळे बुडाला नाही. काही जण परस्पर व्यवहार करून गेले, हे खरं. पण खेड्यांतून माणसं यायला लागली, 'खोड सांगणारं दुकान' विचारत. आता सगळं मोबाईलवर आलं आहे. फोटो सुंदर असतात आणि खाली लिहिलेलं असतं, 'सिंगल ओनर, नो वर्क'. वाचून मला वाईट वाटतं. तिथे गाडी आहे, किंमत आहे, पण तिला ज्याने सांभाळलं तो माणूस कुठे दिसत नाही.

निनाद, तुला तिकडे हा प्रश्न इंग्रजीत विचारावा लागेल, म्हणून मी बरेच दिवस शब्द शोधला. डिफेक्ट नको, फॉल्ट नको, ते कोर्टातले शब्द. घोड्यांच्या बाजारात इंग्रज 'व्हाइस' म्हणत, पण त्याला पापाचा वास येतो. 'हॅबिट' जवळचा आहे, तरी फिका. शेवटी मी शब्द सोडून दिला. तू असं विचार: तुम्ही हिच्याशी कसं जुळवून घेता? आणि मग गप्प बस. त्याला त्याची बैलजोडीची आठवण सांगू दे. खरं उत्तर तिच्यानंतर येतं.

आता शेवटचं. आम्ही दुकान बंद करायच्या सुमाराला, म्हणजे तुमच्या आजोबांचे गुडघे धरल्यावर, एका सकाळी तांबूस गाडी फाट्यावरून वळून आत आली. टाकीचा पोचा तसाच होता. यमुनाच्या मागे एक उंच मुलगी बसलेली, दोन वेण्या, प्रवासाची पिशवी मांडीवर. यमुनाची बदली घराजवळच्या मोठ्या दवाखान्यात झाली होती आणि आता तिला नवी गाडी घ्यायची होती. ही विकायला आणली होती.

मी चहा सांगितला. प्रश्न विचारायची वेळच तिने येऊ दिली नाही.

"लिहून घ्या, मॅडम. चोक अजून लागतो. थेंब गाळते. हॉर्न तर गेलाच, मी तोंडानं ओरडते." मग ती गाडीकडे बघून जरा थांबली. "अन् एक खोड माझ्याकडं आल्यावर लागली. संध्याकाळी घराकडं तोंड केलं का आवरत नाय. लय पळते."

बैलांनाही हीच खोड असते. दिवसभर कितीही रेंगाळले तरी संध्याकाळी गोठ्याच्या वाटेला लागले की गाडीवानाला कासरा ओढून धरावा लागतो.

ती किल्लीचा लाल दोरा सोडवत होती. इतक्या वर्षांची गाठ, सुटता सुटेना. मी कात्री पुढे केली तर नको म्हणाली, दातांनी सैल केली.

"आई, चल ना, परतीची एस.टी. चुकेल," मुलगी म्हणाली.

"आले," म्हणून यमुनाने दोरा पिशवीत टाकला आणि नुसती किल्ली माझ्या हातावर ठेवली.

तर निनाद, ईशा, गाडी घ्यायची ती अशी घ्या. चोक चालेल, थेंब चालतील, हॉर्नचं तर काहीच नाही. आणि घराकडे तोंड केलं की न आवरणारी मिळाली, तर तिला दुसरं काही विचारू नका.